काळ्या जमिनीतील चिकणमातीचे प्रमाण प्रयोगशाळेत कसे मोजावे

जमीन भारी, मध्यम की हलकी, हे अनुभवी शेतकरी ओली माती बोटांत चोळून सांगतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. परंतु ठिबकच्या पाळ्या ठरवायच्या असतील, शेततळ्याच्या तळाला माती चालेल की नाही हे पाहायचे असेल किंवा दोन शेतांतील जमिनींची खरी तुलना करायची असेल, तर ‘भारी’ हा शब्द पुरत नाही. चिकणमाती किती टक्के आहे, हा आकडाच लागतो. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृद् आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये धरून बारा घटक असतात. त्यांत जमिनीचा पोत, म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे प्रमाण, नाही. त्यामुळे हा आकडा हवा असल्यास तो वेगळा मोजून घ्यावा लागतो. ही मोजणी दख्खनच्या बेसाल्टवर तयार झालेल्या काळ्या मातीची असेल, तर ती कशी करावी आणि ती कोठे फसते, हे येथे सविस्तर मांडले आहे. काळ्या मातीत चूक बहुधा उपकरणावरील आकडा वाचताना होत नाही. ती त्याआधी, कण एकमेकांपासून सुटे करताना होते. म्हणून या लेखात पूर्वतयारीला मोजणीपेक्षा जास्त जागा दिली आहे.

चिकणमाती म्हणजे नेमके काय मोजायचे

प्रयोगशाळेत चिकणमाती म्हणजे ०.००२ मिलिमीटर, अर्थात २ मायक्रॉनपेक्षा लहान कण. ही व्याख्या केवळ आकाराची आहे. तो कण कोणत्या खनिजाचा आहे, हे तीत विचारलेले नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीत पोयट्याची, म्हणजे चिकणमातीहून मोठ्या पण वाळूहून लहान कणांची, वरची मर्यादा ०.०२ मिलिमीटर, तर अमेरिकी कृषी खात्याच्या पद्धतीत ०.०५ मिलिमीटर आहे. त्यामुळे एकाच मातीचे वाळू आणि पोयट्याचे आकडे दोन अहवालांत वेगळे दिसू शकतात, पण चिकणमातीची मर्यादा दोन्हीकडे एकच असल्याने तिचा आकडा जुळायला हवा. तो जुळला नाही, तर दोष मर्यादेत नाही, कामात आहे, असे समजावे.

काळ्या मातीतील चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट गटातील खनिजांची असते. तिचे पापुद्रे पाण्यात फुगतात, वाळल्यावर आकसतात आणि एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. आणि याच गुणामुळे तिचे गुच्छ प्रयोगशाळेतही सहज सुटत नाहीत. न सुटलेला चिकणमातीचा गुच्छ पाण्यात पोयट्यासारखा, कधी कधी वाळूसारखा भराभर खाली बसतो आणि आपण त्याची नोंदही तशीच करतो. म्हणजे मोजलेला आकडा हा मातीत जेवढी चिकणमाती आहे तेवढा नसून आपण जेवढी सुटी करू शकलो तेवढा असतो.

नमुना

शेतातून आठ-दहा ठिकाणची माती एकाच खोलीची घ्यावी, एकत्र करून चार भाग पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, असे पुन्हा पुन्हा) अर्धा किलोपर्यंत कमी करावी आणि सावलीत वाळवावी. काळ्या मातीची ढेकळे दगडासारखी होतात; ती लाकडी हातोडीने हलकेच फोडावीत, लोखंडी खलबत्त्यात कुटू नयेत, कारण त्यामुळे चुनखडीचे मऊ खडे पिठासारखे होऊन बारीक कणांत मिसळतात. माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळावी, वर राहिलेल्या खड्यांचे वजन वेगळे नोंदवावे.

येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: ज्या मातीची मोजणी करायची, ती ओव्हनमध्ये वाळवू नये. १०५ अंश सेल्सिअसला वाळलेले गुच्छ पुन्हा पूर्ण सुटतीलच याची खात्री नसते. हवेत वाळलेली मातीच मोजणीला घ्यावी आणि त्याच वेळी दहा ग्रॅम माती वेगळी काढून १०५ अंशांवर २४ तास वाळवून तिच्यातील ओलावा काढावा. सावलीत वाळलेल्या भारी काळ्या मातीतही आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा सहज असतो. तो हिशोबात धरला नाही तर शेवटचा आकडा तेवढ्या प्रमाणात कमी येतो.

बांधणारे पदार्थ काढणे

कणांना एकत्र बांधणारे पदार्थ चार: सेंद्रिय पदार्थ, चुना, विद्राव्य क्षार आणि लोहाची ऑक्साइडे. प्रत्येक मातीत चारही काढावेच लागतात असे नाही. आपल्या मातीत कोणता त्रास देतो आहे, हे आधी पाहावे.

काळा रंग पाहून मातीत सेंद्रिय पदार्थ भरपूर असतील, असा समज होतो. तो बरोबर नाही. या मातीचा काळेपणा थोड्याशा ह्यूमसचा चिकणमातीशी घट्ट संयोग झाल्याने येतो आणि सेंद्रिय कर्ब अनेकदा एक टक्क्याच्याही खाली असतो. तरीही संदर्भासाठी मोजणी करायची असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया करावी. माती मोठ्या बीकरमध्ये घेऊन थोडे पाणी घालावे, पेरॉक्साइड थोडे थोडे सोडावे आणि पहिला जोर ओसरल्यावर बीकर ६० ते ७० अंशांच्या पाण्यात ठेवावे. तीस टक्क्यांचे पेरॉक्साइड कातडी जाळते, म्हणून हातमोजे आणि चष्मा यांशिवाय ते हाताळू नये. फेस थांबला म्हणजे काम झाले, या खुणेवर आपल्या मातीत फारसे विसंबता येत नाही. मातीतील मँगनीजची ऑक्साइडे स्वतःच पेरॉक्साइडचे विघटन करतात, त्यामुळे सेंद्रिय पदार्थ संपले तरी फेस येत राहतो. रंग फिका होणे थांबले की थांबावे. शेवटी उरलेले पेरॉक्साइड उकळून घालवावे.

चुन्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण येथे निर्णय घ्यावा लागतो. चुनखडी असलेल्या काळ्या मातीत हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. हा चुना काढला, तर कण नीट सुटतात आणि कॅल्शियमचा अडथळा जातो. पण चिकणमातीच्या आकाराचा जो बारीक चुना मातीचाच भाग होता, तोही निघून जातो. माझे मत असे आहे की शेतीच्या वापरासाठी मोजणी असेल आणि चुना थोडा असेल, तर तो काढू नये. मातीची उत्पत्ती किंवा वर्गीकरण अभ्यासायचे असेल, तर काढावा. निर्णय कोणताही घेतला तरी अहवालात तो लिहिलाच पाहिजे. काढायचा असल्यास सौम्य आम्ल हळूहळू घालून फसफस थांबेपर्यंतच जावे. तीव्र आम्ल किंवा जास्त वेळ वापरल्यास चिकणमातीची खनिजेही विरघळू लागतात.

त्यानंतर माती धुवावी. सेंट्रिफ्यूज, म्हणजे वेगाने फिरवून कण तळाशी बसवणारे यंत्र, असेल तर उत्तम. नसेल तर बारीक गाळणकागदावर धुवावे. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरेपणा येईनासा झाला की क्लोराइड गेले. क्षार निघून जाऊ लागले की वरचे पाणी गढूळ होऊ लागते. ही चांगली खूण आहे, पण ते गढूळ पाणी ओतून देऊ नये, कारण त्या गढूळपणातच आपल्याला मोजायची असलेली चिकणमाती आहे. क्षारपड जमिनीच्या नमुन्यात आणि जिप्सम टाकलेल्या जमिनीत ही धुलाई टाळताच येत नाही.

कण सुटे करणे

सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट हे यासाठीचे नेहमीचे रसायन आहे. त्यातील सोडियम कणांवरील कॅल्शियमची जागा घेतो, फॉस्फेट त्या कॅल्शियमला बांधून ठेवते आणि कण एकमेकांना दूर लोटू लागतात. कृषी प्रयोगशाळांत पाच टक्क्यांचे द्रावण वापरतात. बांधकामासाठीच्या भारतीय मानक २७२० च्या चौथ्या भागात ३३ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणि ७ ग्रॅम सोडियम कार्बोनेट एक लिटर पाण्यात विरघळवायला सांगितले आहे. द्रावण ताजे असावे. हे रसायन पाण्यात राहून हळूहळू साध्या फॉस्फेटमध्ये बदलते आणि त्याची कण सुटे करण्याची शक्ती घटते; कपाटात मागच्या हंगामापासून उभी असलेली बाटली वापरून आलेला कमी आकडा मातीच्या माथी मारला जातो. बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहावी आणि महिना उलटला की ते द्रावण टाकून द्यावे.

मोजणीच्या दोन पद्धती पुढे दिल्या आहेत: पिपेटची (ठरावीक माप ओढून घेणारी काचेची नळी) आणि हायड्रोमीटरची (द्रवाची घनता दाखवणारे तरंगते उपकरण). हायड्रोमीटरसाठी भारी काळी माती ४० ग्रॅम घ्यावी. वालुकामय माती १०० ग्रॅमपर्यंत घेतात, पण भारी माती जास्त घेतल्यास मिश्रण दाट होते आणि कण एकमेकांच्या वाटेत येतात. तीत द्रावणाचे १०० मिलिलिटर आणि थोडे पाणी घालून रात्रभर भिजत ठेवावी, मग यांत्रिक ढवळणीत दहा ते पंधरा मिनिटे ढवळावी. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे बाटली आडवी ठेवून शेकरवर सोळा तास हलवणे. रात्री वीज गेली आणि शेकर किती वेळ बंद होता हे कळले नाही, तर तो नमुना सकाळी पुन्हा पूर्ण वेळ हलवावा. अंदाजाने ‘झाले असेल’ म्हणू नये.

कण सुटले की नाही, हे पाहण्याच्या दोन साध्या तपासण्या आहेत. मिश्रण ढवळून ठेवल्यावर थोड्याच वेळात वर स्वच्छ पाण्याचा थर आणि खाली स्पष्ट रेषा दिसली, तर चिकणमातीचे पुन्हा गुच्छ झाले आहेत. तो नमुना तेथेच थांबवावा आणि क्षार धुऊन पुन्हा सुरुवात करावी. दुसरी तपासणी वाळूची: ५३ मायक्रॉनच्या चाळणीवर उरलेली वाळू बोटांत चोळून भिंगाखाली पाहावी. दाणे चुरडून चिकट लेप उमटला, तर ती वाळू नव्हतीच.

पिपेट पद्धत

दोन्ही पद्धतींचा पाया जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमात आहे: पाण्यात पडणाऱ्या गोल कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २० मायक्रॉनचा कण २ मायक्रॉनच्या कणापेक्षा दहापट मोठा, म्हणून शंभरपट वेगाने खाली बसतो. त्यामुळे ठरावीक वेळेनंतर ठरावीक खोलीवरून मिश्रण उचलले, तर त्यात केवळ ठरावीक आकारापेक्षा लहान कणच उरलेले असतात. जी. डब्ल्यू. रॉबिन्सन यांनी १९२२ मध्ये या विचारावर पिपेट पद्धत उभी केली आणि आजही तीच संदर्भ पद्धत मानली जाते.

भारी मातीसाठी १० ग्रॅम माती पुरते. पूर्वतयारी झाल्यावर तीत पाच टक्क्यांचे द्रावण १० मिलिलिटर घालून हलवावी, ५३ मायक्रॉनच्या चाळणीतून एक लिटरच्या सिलिंडरमध्ये धुऊन घ्यावी आणि पाणी खुणेपर्यंत भरावे. चाळणीवरची वाळू वाळवून तोलावी. सिलिंडरमधील मिश्रणाचे तापमान मोजावे. मग भोके असलेली चकती लावलेल्या दांड्याने एक मिनिट वर-खाली ढवळावे. शेवटचे दोन-तीन हात संथ असावेत आणि दांडा बाहेर काढला त्या क्षणापासून वेळ मोजावी.

वेळ तापमानावर ठरते, कारण पाणी तापले की पातळ होते आणि कण लवकर बसतात. कणांची घनता २.६५ धरल्यास २ मायक्रॉनच्या कणाला १० सेंटिमीटर खाली जायला २० अंशांवर ७ तास ४४ मिनिटे, २५ अंशांवर सुमारे ६ तास ५२ मिनिटे आणि ३० अंशांवर सुमारे ६ तास १० मिनिटे लागतात. परदेशी पुस्तकातील २० अंशांची वेळ तशीच्या तशी नागपूरच्या मे महिन्यात वापरली, तर पिपेटमध्ये येणारे कण २ मायक्रॉनहून लहान मर्यादेचे असतात आणि चिकणमाती कमी दिसते. वेळ वाचवायची असेल तर १० ऐवजी ५ सेंटिमीटर खोलीवरून नमुना घ्यावा. वेळ बरोबर निम्मी होते आणि काम एका दिवसात बसते. मात्र एवढ्या तासांत तापमान बदलू देऊ नये. खिडकीजवळ, पंख्याखाली किंवा ओव्हनशेजारी ठेवलेल्या सिलिंडरमध्ये एक बाजू तापते, पाणी आतल्या आत फिरू लागते आणि बसलेले कण पुन्हा वर येतात. सिलिंडर पाण्याच्या टाकीत ठेवणे हा उत्तम उपाय. ते शक्य नसेल तर खोलीचा आतला कोपरा निवडावा आणि सिलिंडरला जाड कापड गुंडाळावे.

वेळ भरण्याच्या अर्धा मिनिट आधी २५ मिलिलिटरचे पिपेट हळूच १० सेंटिमीटरपर्यंत उतरवावे आणि सुमारे २० सेकंदांत एकसारखे ओढावे. ते आधी तोललेल्या बशीत रिकामे करून, पिपेट पाण्याने धुऊन ते पाणीही त्यातच घालावे. बशी १०५ अंशांवर वाळवून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करावी आणि लगेच तोलावी. उघड्यावर राहिलेली चिकणमाती हवेतील ओलावा ओढून घेते आणि तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत वाढत जातो.

एक उदाहरण पाहू. माती १० ग्रॅम, ओलावा कोरड्या वजनाच्या ८ टक्के, म्हणून कोरडी माती १० भागिले १.०८, म्हणजे ९.२६ ग्रॅम. बशीतील वजन ०.१४०० ग्रॅम आले. त्यातील हेक्झामेटाफॉस्फेटचा वाटा ०.०१२५ ग्रॅम वजा केल्यावर ०.१२७५ ग्रॅम उरले. ते एक लिटरसाठी ४० ने गुणून ५.१० ग्रॅम, ९.२६ ने भागल्यास चिकणमाती ५५ टक्के. रसायनाचे वजन वजा करायला विसरलो असतो, तर याच मातीत चिकणमाती साठ टक्क्यांच्या वर दिसली असती. एक मिलिग्रॅमची चूकही ४० ने गुणली जाऊन जवळपास अर्ध्या टक्क्याची होते, म्हणून ०.१ मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा तराजू येथे चैन नाही. पेरॉक्साइड आणि आम्लाची प्रक्रिया केलेली असेल, तर भागाकार मूळ वजनाने न करता वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांच्या बेरजेने करावा.

हायड्रोमीटर पद्धत

रोजच्या कामात, जेथे दिवसाला वीस-तीस नमुने असतात, तेथे हायड्रोमीटर सोयीचा. अमेरिकेतील मिशिगनमध्ये काम करणारे जॉर्ज बुयूकॉस यांनी १९२७ मध्ये ही पद्धत मांडली. मिश्रणात जितके कण तरंगत असतील तितकी त्याची घनता जास्त आणि हायड्रोमीटर तितका वर. त्याच्या दांड्यावर लिटरमागे किती ग्रॅम कण आहेत, हे थेट वाचता येते.

या पद्धतीत पहिले वाचन ४० सेकंदांनी आणि दुसरे दोन तासांनी घेण्याची प्रथा रूढ झाली. दोन तासांचे हे वाचन काळ्या मातीसाठी मला मान्य नाही. नेहमीच्या १५२ एच प्रकारच्या हायड्रोमीटरचा फुगा मिश्रणात खोल असतो. वाचन २४ च्या आसपास असताना त्याची परिणामी खोली, म्हणजे तो ज्या खोलीवरची घनता दाखवतो ती, सुमारे १२.३ सेंटिमीटर येते. २७ अंशांवर एवढी खोली गाठायला २ मायक्रॉनच्या कणाला आठ तास लागतात. दोन तासांनी वाचले, तर सुमारे ४ मायक्रॉनपर्यंतचे कण अजून तरंगत असतात आणि तो बारीक पोयटा चिकणमातीत मोजला जातो. म्हणून दुसरे वाचन आठ तासांनी घ्यावे. सकाळी नऊला ढवळलेला नमुना संध्याकाळी पाचला वाचता येतो. त्यात अडचण काही नाही.

प्रत्येक तुकडीबरोबर एक ब्लँक सिलिंडर ठेवावा, ज्यात माती नसेल पण १०० मिलिलिटर द्रावण आणि बाकी पाणी तेवढेच असेल. तो त्याच जागी, त्याच तापमानात ठेवून त्याच वेळी वाचावा. हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेला असतो आणि त्यापुढच्या प्रत्येक अंशाला ०.३६ मिळवण्याचा नियम पुस्तकांत असतो. परंतु ब्लँक त्याच तापमानाला वाचून वजा केला की रसायनाची आणि तापमानाची अशा दोन्ही दुरुस्त्या एकदमच होतात. ब्लँक वजा करून वर पुन्हा ०.३६ चा हिशोब लावणे ही दुहेरी दुरुस्ती होते आणि भल्या भल्या प्रयोगवह्यांत ती आढळते.

वाचनाआधी अर्धा मिनिट हायड्रोमीटर दोन बोटांत धरून हलकेच सोडावा. धपकन सोडल्यास मिश्रण ढवळले जाते. फेस असेल तर अमाइल अल्कोहोलचा एक थेंब पुरतो. मिश्रण गढूळ असल्याने दांड्याला चढलेल्या पाण्याच्या वक्राची वरची कडच दिसते; नमुना आणि ब्लँक दोन्ही वरच्या कडेलाच वाचावेत, म्हणजे फरक आपोआप जातो. समजा ४० ग्रॅम मातीतील कोरडे वजन ३७.०४ ग्रॅम आहे, आठ तासांचे वाचन २४.५ आणि ब्लँक ३.५ आहे. फरक २१, ३७.०४ ने भागल्यास ५६.७ टक्के. अमेरिकी वर्गीकरणात चिकणमाती ४० टक्क्यांच्या वर आणि वाळू व पोयटा मर्यादेत असला की जमीन ‘चिकण’ वर्गात जाते, आणि वर्टिसॉल, म्हणजे फुगणाऱ्या व भेगाळणाऱ्या जमिनींचा वर्ग, ठरण्यासाठी किमान ३० टक्के चिकणमाती लागते.

कोकणातील जांभ्याच्या मातीबद्दल

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यातील तांबड्या मातीला वरील कृती जशीच्या तशी लावू नये. तेथे लोहाची ऑक्साइडे चिकणमातीला सिमेंटप्रमाणे बांधून ठेवतात आणि हाताला रेताड लागणारी माती प्रत्यक्षात चिकणमातीच्या बारीक गोळ्यांची असू शकते. वाळू चोळून पाहण्याची तपासणी येथे विशेष उपयोगी पडते. सायट्रेट, बायकार्बोनेट आणि डायथायोनाइट यांची प्रक्रिया करून लोह काढता येते, पण काढलेले लोह स्वतःही बारीक कणांचाच भाग होते. म्हणून अशा मातीचे प्रक्रियेसह आणि प्रक्रियेविना असे दोन्ही आकडे द्यावेत.

लेसरवर चालणारी यंत्रे आता अनेक संस्थांत आहेत आणि ती काही मिनिटांत निकाल देतात. मात्र चिकणमातीचे कण गोल नसून पापुद्र्यांसारखे चपटे असतात. लेसरला ते मोठे दिसतात आणि चिकणमाती पिपेटपेक्षा बरीच कमी येते. ते आकडे पिपेटच्या आकड्यांशेजारी एकाच तक्त्यात ठेवू नयेत.

खात्री आणि नोंद

प्रत्येक नमुना दोनदा करावा. दोन निकालांत दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर तिसऱ्यांदा करावा. प्रयोगशाळेने एका शेतातील पाच-दहा किलो काळी माती चाळून, नीट मिसळून बंद डब्यात ठेवावी आणि प्रत्येक तुकडीत तिचा एक नमुना घालावा. तिचा आकडा नेहमीच्या पातळीवरून ढळला, तर त्या दिवसाचे सर्व निकाल थांबवून आधी द्रावणाची तारीख, मग शेकर आणि मग तापमानाची नोंद तपासावी. बहुतेक वेळा कारण याच क्रमाने सापडते. अहवालात केवळ ‘चिकणमाती ५६ टक्के’ एवढेच न लिहिता पद्धत, वाचनाची वेळ आणि तापमान, वापरलेले द्रावण, सेंद्रिय पदार्थ व चुना काढला की नाही, आणि टक्केवारी ओव्हनमध्ये वाळलेल्या वजनावर आहे की कसे, हे सर्व त्याच ओळीखाली नोंदवावे.